घमेल्यातले ऋतू

ओल्या भिंतीला कान असतात की नाही माहीत नाही. कातडी मात्र असते, आणि ती फार हळवी असते.

केळं. अर्धं सोललेलं, बशीत तसंच पडलेलं. तीन दिवसांतलं तिसरं.

चष्म्याची काच नेहमी कडेने धरायची.

एकतीस सुके वाटाणे, डाव्या खिशात.

घरातल्या सगळ्यात लहान माणसाने सतराव्या महिन्यात उच्चारलेला पहिला शब्द "आई" नव्हता. "बाबा"ही नव्हता. "ओलंय" होता.

बर्फाच्या पोटात एक लाल बटण.

रस्ता ओलांडताना ती वडिलांचा हात धरत नाही. त्यांच्या पिशवीचा पट्टा धरते.

*

बालवर्गाच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी खुर्च्या नव्हत्या. त्यामुळे आईवडील लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे कानाशी नेऊन बसले होते.

वडील गिलावा करणारे. बावीस वर्षं भिंती सपाट करतायत. कामावर त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे "आरसा" म्हणतात, कारण त्यांच्या भिंतीत म्हणे दिवा दिसतो. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मुलगी तीन वर्षांची. तिला घरात बटण म्हणतात, कारण जन्मली तेव्हा चेहऱ्यावर नाकाच्या जागी तेवढंच काहीतरी होतं.

"घरी कशी असते?" बाईंनी विचारलं.

"फार शहाणी," वडील म्हणाले. "कशाला म्हणून हात लावत नाही."

"हो. तेच बोलायला बोलावलंय."

वडिलांची छाती फुगायला निघाली होती, ती अर्ध्यात थांबली.

बाईंनी आठ दिवसांचं सांगितलं. बाकीची मुलं वाळूत कोपरापर्यंत शिरलेली असतात, तेव्हा बटण दोन्ही हात काखेत दाबून दोन पावलं लांब उभी असते. केळं खात नाही, कारण सोललेलं केळं बुळबुळीत असतं. रंगांच्या दिवशी तर तिने बाईंचंच बोट रंगात बुडवायला लावलं आणि कागदावर जागा दाखवत राहिली. इथे. आता इथे. नीट.

"मला वाटलं, माझ्यावर मुकादम नेमलाय."

आईला हसू आलं. बाईंनाही आलं, पण त्यांनी ते लवकर आवरलं.

"हे सगळं चालतं हो. मुलं येतात वळणावर. माझी अडचण वेगळी आहे. रोज अकराला आम्ही समोरच्या बागेत जातो. मध्ये हा रस्ता. सोळा मुलं, दोन मोठी माणसं. दोघादोघांनी हात धरायचे, हा नियम. ही कोणाला हात देत नाही. जबरदस्तीने धरला तर रस्त्याच्या मधोमध खाली बसते. असं मूल मी रस्त्यावर नेऊ शकत नाही, आणि एकीसाठी पंधरा जणांना खोलीत कोंडू शकत नाही." मग जरा हळू आवाजात, "तुम्हाला देते का हात?"

"मला देते," आई म्हणाली. "म्हणजे बाही ओढून. बाहीतून."

वडील पिशवीच्या पट्ट्याकडे बघत राहिले.

"पुढच्या पानगळीपर्यंत जागा ठेवते," बाई म्हणाल्या. "तोवर घरी एक करा. पसरट भांडं घ्या. ज्या ऋतूत जे हाताशी येईल ते त्यात टाका. पानं, माती, पाणी, बर्फ, काहीही. रोज पंधरा मिनिटं तिच्यापुढे ठेवा. तिला वाटेल ते करू दे. आणि तुम्ही काही शिकवू नका."

"ते अवघड आहे," आई म्हणाली. "हे भिंतीलासुद्धा शिकवतात."

परत येताना वडिलांनी आपला तळवा उघडून पाहिला. सिमेंटने खाल्लेला, भेगाळलेला, पॉलिशपेपरसारखा. कोण कशाला धरेल, असं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून आंघोळ झाली की हाताला मलम चोळू लागले.

*

पसरट भांडं घरात होतंच. घमेलं. लोखंडी, कडा वाकलेलं, बावीस वर्षं सिमेंट-वाळूचा माल वाहिलेलं. वडिलांनी ते घासून इतकं लख्ख केलं की आईने विचारलं, "आता यात जेवायचं का?"

पानगळ होती. रस्त्याकडेला पानांचे ढीग लागले होते. कोणीही माणूस ओंजळभर पानं उचलून भांड्यात टाकतो. वडिलांनी ती निवडली. धुतली. पुसली. वजनाखाली ठेवून सरळ केली. मग लहानपासून मोठ्यापर्यंत लावून, फरशी बसवावी तशी एकाआड एक तिरकी बसवली. मध्ये सांधा नाही.

बटण आली. हात काखेत. वाकून पाहिलं.

"छान," ती म्हणाली, आणि गेली.

पाचव्या दिवशी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. रोपवाटिकेत काम करते, नखांत कायम माती, आवाज टेकडीपलीकडे ऐकू जाणारा. तिने घमेल्यातलं एक पान उचलायला हात घातला मात्र, बटण धावत आली.

"नको! बाबाचंय!"

"अगं, खेळायला ठेवलंय ना ते?"

"बघायला," बटणने समजावून सांगितलं.

आत्याने भावाकडे पाहिलं. "अरे, तू खेळणं केलंस की देवघर मांडलंस?"

*

थंडीत वाळू. ही कल्पना आईची. थंडीत कोमट वाळूत हात खुपसायला कोणाला आवडणार नाही?

वाळू वडिलांनी तीनदा चाळली. तव्यावर कोमट केली. घमेल्यात ओतली आणि सवयीने, स्वतःच्याही नकळत, वरून पट्टी फिरवली. मग पाणपातळी ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये.

बटण त्या वाळूसमोर मांडी घालून बसली.

"ओलंय?"

"नाही गं राणी. कोरडी आहे. लाव हात."

तिने वडिलांकडे असं पाहिलं की जणू हा माणूस कामावर आजच लागलाय.

"वाळल्यावर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आली. "वाळलं?" तिसऱ्या दिवशी. "वाळलं?" आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. दूधवाल्यालाही तिने दारात उभं करून सांगितलं की आत वाळू आहे, अजून वाळायचीय, जपून.

कामावर वडिलांनी हे जोडीदाराला सांगितलं. तो माल कालवतो. फावडं टेकवून पोट धरून हसला. "आरशाची पोरगी! ती आरशासारखीच असणार. बघायचं, हात नाही लावायचा."

वडीलही हसले. मग दिवसभर त्यांची थापी जरा जोरात चालली.

*

सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद, त्यावर सुतारी पेन्सिलीने, स्वयंपाकघराच्या दारामागे:

पानं. हात नाही.
वाळू. हात नाही.
वाळू, मोडून ठेवलेली. हात नाही. तिने झाडणी मागितली.
संत्र्याच्या साली. एक बोट!! फडक्यातून.

शेवटच्या ओळीचं असं झालं. आई दुकानातून येताना संत्री घेऊन आली. साली घमेल्यात टाकल्या, आणि टाकताना प्रत्येक साल काच पुसायच्या मऊ निळ्या फडक्याने पुसून टाकली. हात आपोआप तसा चालतो, चौदा वर्षं काचाच पुसल्यात. फडकं घमेल्याच्या कडेवर राहिलं. बटणने ते आपल्या बोटावर टोपीसारखं घातलं आणि त्या टोपीने एका सालीला टोचलं. वास उडाला. तिने नाक मुरडलं. परत टोचलं.

वडील दारात, एक पाय हवेत ठेवून उभे.

आईने बालवर्गाच्या बाईंना फोन लावला.

"फडक्यातून?" बाई म्हणाल्या.

"पण बोट आहे."

"बोट आहे, हे चांगलंच आहे. लिहून ठेवा. पण रस्त्यावर सोळा मुलांना सोळा फडकी बांधायला मला वेळ नसतो हं."

*

फुलांच्या दिवसांतल्या घमेल्याबद्दल एकच सांगण्यासारखं आहे. मुंग्या.

*

मग रविवार. ऊन तापायला लागलं होतं. आत्या जेवायला आली ती संध्याकाळपर्यंत राहिली. ती येताना पेरणीतून उरलेले सुके वाटाणे घेऊन आली होती, ते तिने डाव्या खिशात टाकले होते. ती जेवली, भांडी घासू लागली, कोचावर लोळली, गप्पा मारल्या. अधूनमधून तिचा हात खिशात जात होता. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाच वाजता तिने उजवा खिसा उलटा करून ताटात ओतला. वाटाणे टणटणत पसरले.

"हे काय?" आईने विचारलं.

"मोजा."

वडिलांनी मोजले. मोजायचं म्हटलं की त्यांना बरं वाटतं. एकतीस.

"जेवायला बसल्यापासून या घरात 'हात लावू नको' एवढ्या वेळा झालं. प्रत्येक वेळी एक वाटाणा इकडून तिकडे. 'डाग पडेल' धरलं. 'कडेने धर' धरलं. 'अगं अगं अगं' हे एकच धरलं. आणखीही झालं असेल, पण माझे वाटाणे संपले."

नळ टपटपत होता.

"मी एवढं बोललो?" वडील म्हणाले.

"तुझे सतरा. हिचे अकरा."

वडिलांनी मनात बेरीज केली. "मग उरलेले तीन?"

"पोरीचे. मला म्हणाली. पाण्याचा तांब्या उचलत होते तर म्हणते, आत्या, कडेने."

आई हसता हसता थांबली. कोपऱ्यात बटण आपल्या बाहुलीला खुर्चीवर बसवत होती, तिच्या काखेत दोन चमचे घालून उचलत, म्हणजे आपला हात लागायला नको.

"अरे, तुझ्या कामावर ओल्याला हात लावला तर भिंत जाते, कबूल," आत्या म्हणाली. आवाज तिच्यापुरता हळू, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू येईल इतकाच. "हिच्या दुकानात काचेवर बोट उठलं तर गिऱ्हाईक ओरडतं, कबूल. पण घरात कोणती भिंत ओली आहे? कोणतं गिऱ्हाईक बसलंय? दोघांनी मिळून दुकान घरी आणलंत, आणि पोरीला काउंटरच्या पलीकडे उभं केलंत."

"सिमेंट हात खातं, ताई," वडील म्हणाले. "ते मी खोटं नव्हतो सांगत."

"सिमेंट खातं. संत्रं नाही खात."

वडिलांनी आपले तळवे मांडीवर पालथे घातले. इतके महिने मलम चोळून ते बऱ्यापैकी मऊ झाले होते. मलमाच्या अडीच डब्या. दोष तळव्यांचा नव्हताच, हे आता कळत होतं, आणि त्याने बरं वाटायच्या ऐवजी उलटंच वाटत होतं.

वाटाणे आत्याने घमेल्यात टाकले. बटणने ते लांबूनच मोजले. "एक, दोन, सात."

*

गप्प राहणं हे भिंत सपाट करण्यापेक्षा अवघड निघालं.

बटण आईच्या चष्म्याजवळ गेली. वडिलांच्या तोंडून "हा—" निघालं. त्यांनी ते गिळलं. "हा... हा... हवा काय छान आहे नाही आज!"

बटणने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भाजत होतं.

आईची तऱ्हा निराळी. शब्द आला की ती गाणं गुणगुणायची. शेजारीण जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काय हो, हल्ली फार खुशीत असता. दिवसभर गाणं चालू."

"खुशीत कसली," आई म्हणाली, "तोंड बांधून घेतलंय."

पहिल्या आठवड्यात आत्याने फोनवर विचारलं, "आज किती?" "दहा." पुढच्या आठवड्यात सहा. मग दोन. मग एके दिवशी वडील घाईने म्हणाले, "आज एकही नाही, पण मी दिवसभर घरी नव्हतो."

*

उन्हाळ्यात बर्फ. वाडग्यात पाणी, पाण्यात बटणच्या जुन्या कोटाचं लाल बटण, वाडगा फ्रीजरमध्ये. सकाळी उपडा केला तर घमेल्यात काचेचा घुमट, आणि पोटात लाल ठिपका.

बटणला तो पाहताक्षणी हवा झाला. हे नवीन होतं. आजवर ती घमेल्याकडे पाहुण्यासारखी यायची.

"माझं बटण."

"हो."

"बाहेर काढ."

"आम्हाला नाही येत," आईने सांगितलं, आणि गुणगुणायला लागली.

बटणने हात काखेत घातले. विचार केला. ऊन दाराशी आलं होतं, घमेलं सावलीत होतं. हात तर वापरायचे नाहीत. मग तिने चप्पल काढली आणि पायाने घमेलं उन्हाकडे ढकललं. थांबली. परत ढकललं. पाणी सुटलं, हिंदकळलं, अंगठ्यावर आलं. ती किंचाळली. मग तिने अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा जागेवर होता.

ती आईकडे वळली. आई गात होती. वडिलांकडे वळली. वडील हवेबद्दल काहीतरी म्हणाले.

तिने तो अंगठा पुन्हा, मुद्दाम, पाण्यात घातला.

पायाबद्दल कधी कोणी काही म्हटलेलंच नव्हतं.

पाऊण तासाने लाल बटण पायाच्या दोन बोटांत धरून ती एका पायावर उड्या मारत घरभर हिंडली. दारामागच्या कागदावर वडिलांनी लिहिलं: बर्फ. दोन्ही पाय. घोट्यापर्यंत. खाली रेघ मारली, आणि रेघ वाकडी आली तरी तशीच ठेवली.

फोनवर बाई मनापासून हसल्या. "शाबास तिची! पण बघा, पायाला पाय लावून बागेत नाही नेता येत. पाऊस सरला की वर्ग सुरू. तीन महिने राहिले. मला उत्तर लागेल."

*

तीन महिन्यांतले दोन पावसातच गेले. घमेल्यात पावसाचं पाणी, चिखल, शेवाळलेला दगड, सगळं झालं. पाय आले. हात नाही आले. चिखलात ती घोट्यापर्यंत उभी राहायची आणि हात वर, छतापर्यंत वर, जणू कोणी पिस्तूल रोखलंय.

शेवटच्या रविवारी वडील पहाटे उठले. त्यांनी काय ठरवलंय ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघर आणि गच्चीच्या दारामधली भिंत छातीभर उंचीपर्यंत खरवडून काढली. चुना नाही, सिमेंट नाही, हात खाणारं काही नाही. आत्याच्या रोपवाटिकेतली तांबडी माती, बारीक वाळू, पाणी. घमेल्यात कालवलं, भिंतीवर चढवलं. पट्टी फिरवली. थापी फिरवली. माती असली म्हणून काय झालं, एक तासाने त्या भिंतीत गच्चीचं दार दिसत होतं.

आई उठून आली. दारातच थांबली.

"अहो, हे काय काढलंत?"

"बटणला उठव."

बटण डोळे चोळत आली. भिंत पाहिली. तिचे हात आपोआप काखेत गेले.

"ओलंय," ती कुजबुजली. देवळात कुजबुजावं तशी.

"हो," वडील म्हणाले. "लाव हात."

तिने मान हलवली. दोन पावलं मागे गेली. मग आईचा गाऊन पकडून, अर्थात गाऊनच, उभी राहिली.

वडिलांनी भिंतीकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी ओल्या भिंतीला थापीशिवाय कशानेही स्पर्श केला नव्हता. शिकाऊ होते तेव्हा एकदा कोपर टेकलं होतं, तर उस्तादाने दिवसभर पाणी भरायला लावलं होतं. त्यांनी हात उचलला. तो भिंतीपासून वीतभर अडला हे आईला दिसलं. तिला गाणं सुचेना.

त्यांनी पाचही बोटं पसरली आणि भिंतीच्या बरोबर मध्ये, मनगटापर्यंतचं वजन टाकून, हात दाबला.

"बाबा!" बटण ओरडली.

हात काढला. भिंतीवर एक मोठा, भेगाळ, पाच बोटांचा खड्डा.

"बाबा, काय केलंस!" ती पुढे धावली. "ओलंय! बाबा ओरडेल!"

"कोण ओरडेल?"

"बाबा!"

"अगं, बाबा मीच."

तिने क्षणभर हिशेब लावला. जमला नाही. "तरी ओरडेल," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण एवढ्या चांगल्या भिंतीचं हे झालं आणि करणारा समोर उभा राहून हसतोय. "नीट कर! लवकर! वाळेल!"

वडिलांनी थापी खाली ठेवली. "मला नाही येत."

"येतं!"

"आज नाही येत."

बटणने थापी उचलली. ती जड होती, दोन्ही हातांनी उचलावी लागली, आणि भिंतीपर्यंत पोचेपर्यंत खाली पडली. परत उचलली, परत पडली. बापाच्या पंजाचा खड्डा तसाच. माती वाळत चाललेली. घरात दोन मोठी माणसं, एक गाऊन धरून उभी, एक कंबरेवर हात ठेवून उभा, आणि दोघंही काडीच्या कामाची नाहीत. ज्याच्या घरात असे लोक, त्याने काय करायचं?

तिने काखेकडे निघालेला हात वळवला आणि खड्ड्यावर फिरवला.

एकदा. माती सरकली. परत एकदा, वडील फिरवतात तसा, खालून वर. दुसरा हात आला. मोठ्या करंगळीची खूण बुजली. अंगठ्याची बुजली. ती काम करत होती. जीभ बाहेर, भुवया आत. बुजवता बुजवता जोर जास्त झाला आणि तिचा तळवा खपकन आत गेला.

तिने हात काढला. भिंतीवर मोठ्या पंजाच्या उरलेल्या खड्ड्यात एक छोटा पंजा.



ती वडिलांकडे वळली. वडील ओरडतात का, हे तिने पूर्ण थांबून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. तांबडा, गार, जाड. बोटं मिटली. बोटांच्या फटींतून माती बाहेर आली, पूक असा आवाज झाला.

"पूक," बटण म्हणाली.

पुन्हा मूठ मिटली. पूक. भिंतीवर दुसरा पंजा. तिसरा. सातवा, म्हणजे तिच्या मोजणीने. आईच्या गाऊनवर एक. फ्रीजवर एक. फ्रीजवरचा उठला तेव्हा आईच्या तोंडून "अगं अगं—" गेलं, आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात मारला. आता तिच्या गालावरही पंजा होता. तिचा स्वतःचा, गाऊनवरल्या बटणच्या मातीचा.

"हे किती झाले?" वडिलांनी विचारलं. "वाटाणे कुठायत?"

"वाटाणे घाला चुलीत," आई म्हणाली.

खाली बेल वाजली. आत्या आली होती. बटणने भिंतीकडे पाहिलं. हे कोणालातरी ताबडतोब दाखवायला हवं होतं, आणि जिना एकटीने उतरायला तिला परवानगी नव्हती. तिने मागे न बघता हात मागे केला, वडिलांची दोन बोटं, मातीची, आपल्या मातीच्या मुठीत पकडली, आणि ओढलं.

"चल ना रे. लवकर."

वडील गेले. जिन्यात चौदा पायऱ्या आहेत. त्यांना त्या फार कमी वाटल्या.

आत्याने दारात दोघांकडे पाहिलं. नखशिखांत तांबडे. हातात हात. तिने बटणच्या कोपरावरची माती नखाने खरवडून पाहिली. मग म्हणाली, "माझी माती ना ही? रोपांना ठेवली होती."

*

पाऊस सरला. रस्त्यावर पहिली पानं पडली. अकरा वाजता बालवर्गाचं फाटक उघडलं आणि सोळा मुलं दोनदोनच्या रांगेत उभी राहिली. वडिलांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती आणि ते पलीकडच्या झाडामागे, बाईंना दिसणार नाही अशा बेताने, उभे होते. बाईंना ते दिसत होते.

बटणच्या वाट्याला एक दात पडलेली मुलगी आली. तिने हात पुढे केला.

"ओलाय," बटण म्हणाली.

"नळाचाय," मुलगी म्हणाली.

रांग थांबली. बाई थांबल्या. झाडामागे कोणीतरी एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरला.

बटणने खिशातून निळं मऊ फडकं काढलं. त्या मुलीचा हात कडेने धरून नीट पुसला. तळवा, मग पालथा, मग बोटांच्या फटी. उजेडाकडे धरून बघितला. फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"आता चल," ती म्हणाली, आणि हात हातात घेतला. फडक्याशिवाय.

रस्त्याच्या मधोमध कोणी खाली बसलं नाही.

स्वयंपाकघरातली मातीची भिंत आता वाळली आहे. तिच्यावर लहान पंजे पंधरा आहेत. मोठा, अर्धा बुजलेला, एक. शेजारीण म्हणाली, एवढा नावाजलेला कारागीर, आणि स्वतःच्या घरात हे? वडील म्हणाले, ही माझी नाही, दुसऱ्या कारागिराची आहे, तिला सांगा.

सोळा महिन्यांची असताना बटणने जिन्याखालच्या ओल्या गिलाव्यावर एकदा तळवा टेकवला होता, आणि वडिलांनी "ओलंय!" म्हणत थापीचा एक हात फिरवून ती भिंत पुन्हा सपाट केली होती.